वाचकांचे प्रश्न : संगीत

प्रश्न : हणजूणच्या बुधवारच्या बाजारात मला ‘अंडरवॉटर मूनलाइट’ नावाची जुनी तबकडी मिळाली. तिच्यावर साल १९८० आहे, पण गाणी १९६७ च्या सुमाराची वाटतात. हा ‘सॉफ्ट बॉईज’ बँड कोणता, आणि त्याचे नाव कुणाच्याच तोंडी कसे नाही?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : साल बरोबर आहे आणि आपल्या कानांचेही काही चुकलेले नाही. हा बँड १९७६ साली केंब्रिजमध्ये उभा राहिला. ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश बँडचा सुरुवातीचा गीतकार सिड बॅरेट त्याच गावचा. त्याची, बीटल्सची आणि अमेरिकेतल्या ‘बर्ड्स’ या बँडची, म्हणजे साठच्या दशकातल्या या मंडळींची, छाप गायक-गीतकार रॉबिन हिचकॉकने कधी लपवली नाही. दुर्दैव असे, की त्याच वर्षी लंडनमध्ये पंकची लाट उसळली, आणि आखूड, वेगवान, संतापलेल्या गाण्यांच्या त्या दिवसांत स्वरमेळ बांधत बसणारी, मासे आणि किडे यांच्यावर गाणी रचणारी ही मंडळी अनेकांना शिळी वाटली.

ही नुसती नक्कल मात्र नव्हे. पहिलेच गाणे, ‘आय वॉना डिस्ट्रॉय यू’, पुन्हा लावून पाहावे : तुझा नाश करायचा आहे ही धमकी इतक्या गोड स्वरमेळात येते, की अर्थ ध्यानात येईपर्यंत आपण ती गुणगुणू लागलेले असतो. मांडो या गोव्यातल्या कोकणी गीतप्रकाराची दोन आवाजांतली गायकी ऐकत वाढलेल्या गोमंतकीयाला तो गोडवा ओळखीचा वाटेल. खाली एकमेकींच्या फटींतून घुसणाऱ्या दोन गिटारींची धार मात्र पंकच्याच काळातली आहे.

१९८१ मध्ये बँड फुटला. दुसरे गिटारवादक किंबर्ली रू (नाव बाईचे वाटले तरी हे गृहस्थ आहेत) यांनी पुढे ‘कॅट्रिना अँड द वेव्ह्ज’साठी ‘वॉकिंग ऑन सनशाइन’ लिहिले, जे आपण एखाद्या लग्नाच्या बँडकडून नक्की ऐकले असेल. अमेरिकेत ‘आर.ई.एम.’ या बँडचा गिटारवादक पीटर बक याने सॉफ्ट बॉईजचे ऋण मोकळेपणाने मानले आणि नंतर तो हिचकॉकबरोबर वाजवूही लागला. २००१ साली या तबकडीची वाढीव आवृत्ती निघाली, तेव्हा मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २००२ मध्ये त्यांनी ‘नेक्स्टडोअरलँड’ काढली.

आपली प्रत मूळ ब्रिटिश छपाईची असेल, तर तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर ‘आर्मगेडन’ हे कंपनीचे नाव असेल. तशी असल्यास पावसाळ्यात ती भिंतीपासून दूर, उभी ठेवावी. आपल्याकडच्या दमटपणात पुठ्ठ्याला बुरशी फार लवकर धरते.