मेंदूतील मोठा अॅन्युरिझम: उपचार कोणता आणि केव्हा?

प्रश्न: माझी आई ६१ वर्षांची आहे. डाव्या डोळ्याने अंधूक दिसू लागल्यामुळे केलेल्या तपासणीत डोळ्यामागे, कॅरोटिड धमनीच्या (मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या) कवटीतील भागावर, १८ मिलिमीटरचा अॅन्युरिझम आढळला. तो फुटलेला नाही. एका डॉक्टरांनी कवटी उघडून क्लिप लावण्याचा, तर दुसऱ्यांनी जांघेतून नळी घालून फ्लो डायव्हर्टर बसवण्याचा सल्ला दिला आहे. काहीच केले नाही तर चालेल का? आणि यांपैकी सुरक्षित काय?

उत्तर: अॅन्युरिझम म्हणजे धमनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगवटा. साधारणपणे १० मिलिमीटरपेक्षा मोठ्या फुगवट्याला मोठा आणि २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्याला महाकाय म्हणतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांमध्ये, मेंदूच्या पुढच्या भागातील धमन्यांवरचे १३ ते २४ मिलिमीटरचे अॅन्युरिझम पाच वर्षांत फुटण्याचे प्रमाण १४.५ टक्के आढळले. महाकाय फुगवट्यांत ते ४० टक्के होते. फुटल्यावर होणारा रक्तस्राव अनेकदा प्राणघातक ठरतो. शिवाय आईंच्या बाबतीत नजर अधू होऊ लागली आहे, म्हणजे फुगवटा दृष्टीच्या नसेवर दाब देत असावा. त्यामुळे, इतर गंभीर आजार नसतील तर, नुसते थांबून पाहण्याचा पर्याय मला पटत नाही.

क्लिपिंगमध्ये फुगवट्याच्या मानेवर, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो त्या जागी, धातूचा चिमटा लावून त्यात जाणारे रक्त कायमचे बंद केले जाते. ही पद्धत १९३७ पासून वापरात आहे आणि तिचा परिणाम टिकाऊ असतो. मोठ्या फुगवट्यात मात्र मान रुंद असते, भिंत कधी चुन्यासारखी कडक झालेली असते, आत जुनी गुठळी असते, आणि डोळ्यामागच्या जागी काम करताना कवटीच्या तळाचे हाड घासावे लागते. त्याच पाहणीत वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेचे परिणाम अधिक वाईट दिसले होते. मूळ धमनीच बंद करावी लागली तर रक्ताला पर्यायी वाट देण्यासाठी बायपास करतात. आधी धमनीत फुगा फुगवून, ती बंद झाल्यास मेंदूला रक्त पुरते का, याची चाचणी घेतली जाते.

कॉइलिंगचा पर्याय तुम्हाला सुचवलेला नाही, आणि त्याला कारण आहे. फुगवट्यात प्लॅटिनमच्या बारीक तारा भरण्याची ही पद्धत लहान, अरुंद मानेच्या अॅन्युरिझममध्ये उत्तम चालते. मोठ्या फुगवट्यात मात्र तारा कालांतराने रक्ताच्या दाबाने आत दबल्या जातात आणि पोकळी पुन्हा उघडते.

फ्लो डायव्हर्टर ही दाट विणीची जाळीदार नळी मूळ धमनीतच बसवतात. नदीच्या मुख्य पात्राच्या कडेने बांध घालून डोहाकडे वळणारा प्रवाह मंद करावा, तसे रक्त पुढे निघून जाते आणि फुगवट्यातले रक्त हळूहळू गोठते. अमेरिकेत २०११ मध्ये या उपकरणाला मान्यता मिळाली ती नेमकी कॅरोटिडवरच्या मोठ्या, रुंद मानेच्या अॅन्युरिझमसाठी. मान्यतेचा आधार असलेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के फुगवटे पूर्ण बंद झाले होते आणि तपासणी केलेल्यांमध्ये पाच वर्षांनी हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. मोठा पक्षाघात किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू ५.६ टक्के रुग्णांत झाला. हा धोका लहान नाही. फुगवटा बंद होईपर्यंतच्या काळात तो फुटण्याची शक्यताही क्वचित उरते, आणि जाळीत गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही औषधे काही महिने एकत्र घ्यावी लागतात. ती मनाने बंद करणे घातक ठरते. पोटात रक्तस्राव झाल्याचा इतिहास असेल किंवा लवकरच दुसरी शस्त्रक्रिया करायची असेल, तर ते आधीच सांगावे.

वय, जागा आणि मानेची रुंदी पाहता, माझा कल फ्लो डायव्हर्टरकडे आहे. मात्र अंतिम निर्णय कॅथेटर अँजिओग्राफी (धमनीत नळी घालून काढलेली रक्तवाहिन्यांची क्ष-किरण चित्रे) पाहून, आणि दोन्ही पद्धती नियमित करणाऱ्या केंद्रात, दोन्ही तज्ज्ञांनी एकत्र बसून घ्यावा. त्या डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या रुग्णांमधील गुंतागुंतीचे प्रमाण जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. गेलेली नजर परतेल का, हे नसेवर किती काळ दाब होता यावर अवलंबून आहे. अनेकांना सुधारणा जाणवते, पण उपचारानंतर फुगवट्याला सूज आल्यास नजर काही दिवस अधिक बिघडू शकते. दरम्यान रक्तदाब ताब्यात ठेवावा, धूम्रपान असेल तर पूर्ण थांबवावे, आणि अचानक कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी झाल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

प्रश्न: माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांना २६ मिलिमीटरचा अॅन्युरिझम आहे, तरी डॉक्टर केवळ दरवर्षी एमआरआय करायला सांगतात. हा हलगर्जीपणा नाही का? अहवालात ‘कॅव्हर्नस’ असा शब्द आहे.

उत्तर: तोच शब्द महत्त्वाचा आहे. कॅव्हर्नस म्हणजे डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी असलेला कॅरोटिड धमनीचा भाग. तेथे ही धमनी मेंदूच्या जाड आवरणाबाहेर असते, त्यामुळे तेथील फुगवटा फुटला तरी रक्त सहसा मेंदूभोवती पसरत नाही. वर उल्लेखिलेल्या पाहणीत या जागेच्या महाकाय अॅन्युरिझमचे पाच वर्षांतील फुटण्याचे प्रमाण ६.४ टक्केच होते. लक्षणे नसताना या वयात उपचाराचा धोका न पत्करणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. मात्र एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, पापणी लोंबली, चेहऱ्यात किंवा डोळ्यामागे वेदना सुरू झाल्या, किंवा नव्या एमआरआयमध्ये फुगवटा वाढलेला दिसला, तर पुढच्या वर्षाची वाट न पाहता लगेच पुन्हा सल्ला घ्यावा.