पाण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही गावातल्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग दाखवणारी चाचणी) निगेटिव्ह का येते?

आधी पावडर तपासून घ्या. ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो झपाट्याने उडतो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नका.

प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. कोरडी पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत गुठळ्या मोडून कालवा, पाणी घालून ढवळा, अर्धा तास ठेवा. चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी टाकी भरत असतानाच ओता, म्हणजे नीट मिसळते. मग अर्धा तास तरी पाणी सोडू नका.

टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग येतो आणि शेवटच्या घरी येत नाही, तर दोष वाटेत आहे. बहुतेकदा गटारालगतची गळकी पाइपलाइन किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी. पुरवठा बंद झाला की पाइप ते आत ओढतो आणि क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतो. अशा वेळी नुसता डोस वाढवणं धोक्याचं आहे, आधी गळती काढा. शेवटच्या नळाला किमान 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन मिळालाच पाहिजे.