उद्घाटन नको, टेबलं मांड

अरे,

तुझा मेल येऊन चार दिवस झाले, लगेच उत्तर दिलं नाही कारण "कर की, छान आहे" एवढं लिहून भागणार नव्हतं. तू लिहिलंयस की डिपार्टमेंटचे दरवाजे एक दिवस सगळ्यांसाठी उघडायचे, कोणीही यावं, हात लावून बघावं, असा विज्ञानाचा एक उत्सवच करायचा असं डोक्यात आहे, पण सीनियर लोक म्हणतात आधी पेपर काढ, ग्रँट आण, हे असलं सगळं रिटायर झाल्यावर. आणि आता तुलाही थोडं तसंच वाटायला लागलंय. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. माझं उत्तर सरळ आहे, कर आणि याच वर्षी कर. पण कसं करायचं यावर मला बरंच बोलायचंय, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आधी ते "नंतर" बघू. मायकेल फॅरेडे तुला विद्युतचुंबकीय प्रवर्तनामुळे (चुंबक हलवला की तारेत वीज तयार होते तो शोध) माहीत आहे, १८३१. पण हा माणूस मुळात विज्ञानात आला कसा ते बघ. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, लंडनमधे बुकबाइंडिंगच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला तेव्हाचा नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतली, लोकांसाठी असलेली व्याख्यानं. हा वीस वर्षांचा मुलगा तिथे बसून टिपणं काढत राहिला, मग ती नीट लिहून, स्वतःच्या हाताने बाइंड करून डेव्हीला पाठवली आणि १८१३ मधे तिथेच मदतनीस म्हणून लागला. म्हणजे त्या संध्याकाळी डेव्हीने "माझं खरं काम लॅबमधे आहे" म्हणून लोकांसमोर उभं राहणं टाळलं असतं तर? प्रेक्षकात कोण बसलंय हे डेव्हीला माहीत नव्हतं, तुलाही माहीत नसणार. मी आयुष्यभर ही एकच गोष्ट धरून ठेवली आहे, टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येक माणसाशी बोलताना.

आणि फॅरेडेने ते ऋण फेडलं बघ. मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं तिथे १८२५ साली सुरू झाली, आणि त्याने स्वतः १९ वेळा ती मालिका दिली. १८२९ ला मुलांसमोर उभा, १८३१ ला तो मोठा शोध, १८३२ ला परत मुलांसमोर. वेळ नाही म्हणणाऱ्या सीनियरला हे सांगून भांडू नकोस, भांडणाने काही होत नाही, पण तुझ्या मनात जेव्हा ते "वेळ नाही" येईल तेव्हा आठव.

आता, नुकसान होतच नाही असं मी तुला सांगणार नाही. टीव्हीवरून लोकांना विश्व समजावणारा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन, त्याला १९९२ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने सदस्य करून घेतलं नाही, आणि यामागे त्याच्या लोकप्रियतेची अढी होती असं बऱ्याच शास्त्रज्ञांनी उघड म्हटलंय. दोन वर्षांनी, १९९४ ला, त्याच अकॅडमीने त्याला लोकहिताच्या कामाचं पदक दिलं. म्हणजे आकस असतो, अजूनही आहे, आणि तुझ्या वयात तो जास्त बोचतो. म्हणून माझा सल्ला असा की वर्षातून एक दिवस ठरव, तयारीचे तीन चार आठवडे धर, बाकीचं वर्ष तुझ्या कामाचं. आणि जे केलंस ते नोंदवून ठेव, किती लोक आले, काय विचारलं, कोण विद्यार्थी उभे होते. ग्रँटच्या फॉर्ममधे समाजासाठी काय करणार हा रकाना आता बऱ्याच ठिकाणी असतो, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने तर १९९७ पासूनच तो निकष ठेवलाय, तिथे लोक ऐनवेळी काहीतरी जुळवून लिहितात, तुझ्याकडे खरं असेल.

माझा पहिला कार्यक्रम कसा झाला ते सांगते, म्हणजे तू तरी तसं करणार नाहीस. मोठा हॉल घेतला, स्टेज, माइक, पाहुणे, दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय. मुलं पहिल्या तीन रांगांमधे बसवलेली. प्रयोग मागच्या खोलीत मांडले होते, आमच्या विद्यार्थ्यांनी दोन रात्री जागून. भाषणं संपेपर्यंत शाळेच्या बस सुटायची वेळ झाली आणि मुलं प्रयोग न बघता गेली. मागच्या खोलीत आमची पोरं टेबलापाशी उभीच होती. त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. संस्था खूश होती, फोटो चांगले आले होते. पण तो विज्ञानाचा उत्सव नव्हता, समारंभ होता, आणि तो चुकीचा निर्णय माझा होता, मीच कार्यक्रमपत्रिका केली होती. त्यानंतर मी कधीही उद्घाटन ठेवलं नाही. वेळ झाली की दार उघडायचं, बास. पाहुणे यायचेच असतील तर त्यांना एक टेबल सांभाळायला द्यायचं, आनंदाने सांभाळतात.

दिवस कोणता घ्यायचा हे तू विचारलंयस. दिवस महत्त्वाचा आहे कारण त्याला एक गोष्ट चिकटलेली असते आणि लोक गोष्टीसाठी येतात. २८ फेब्रुवारी घेतलास तर रामन इफेक्टचा दिवस, १९२८ चा, आणि मला यातलं आवडतं ते हे की हा दिवस रामन यांच्या जन्माचा नाही, तो ७ नोव्हेंबर, हा शोधाचा आहे. माणसाला हार घालण्यापेक्षा शोध कसा लागला ते दाखवायला हा दिवस फार चांगला. १२ फेब्रुवारी डार्विनचा जन्मदिवस, १८०९, जीवशास्त्रवाल्यांना घेऊन करायचा असेल तर तो घे. लोक वाद घालायला येतील त्या दिवशी, येऊ देत, वादात जिंकायला जाऊ नकोस, कवट्या आणि जीवाश्मांचे साचे त्यांच्या हातात दे आणि त्यांना फरक शोधायला सांग, हातात वस्तू आली की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. १४ मार्चचा पाय डे (अमेरिकेत तारीख ३/१४ लिहितात, आणि पाय म्हणजे ३.१४) तर सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात १९८८ साली लॅरी शॉने सुरू केला, तेव्हा तिथले काही कर्मचारी आणि आलेली माणसं एवढाच पसारा, आणि २०१९ मधे युनेस्कोने तोच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला. लहान सुरुवातीची लाज बाळगू नये ती याच्यासाठी.

आणि आकाश स्वतःच तारखा देतं, त्या सोडू नकोस. २०१२ च्या जूनमधे शुक्र सूर्यावरून सरकला तेव्हा आम्ही पहाटेपासून उभे होतो, कारण पुढचं तसं अधिक्रमण थेट डिसेंबर २११७ मधे. तेव्हा रांगेतल्या एका आजींनी विचारलं होतं की पुढचं बघायला यातलं कोण असेल, आणि त्यांच्या पुढे कडेवर एक तान्हं बाळ होतं, सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. मला तेव्हा जे वाटलं ते मला कुठल्याही कॉन्फरन्समधे वाटलेलं नाही.

आता टेबलं. पाच पुरेत, खरंच पाच. जास्त केलीस तर प्रत्येक ठिकाणी माणूस घाईत बोलतो. एक टेबल मात्र माझ्या सांगण्यावरून ठेवच, सूर्याचं. लहान दुर्बीण साध्या तिकाठीवर, फिरवणारी मोटर नको, आणि नेत्रिकेच्या (एरवी डोळा लावतो त्या भिंगाच्या) मागे फूटभर अंतरावर पांढरं कार्ड. सूर्याची प्रतिमा कार्डावर पडते, साधारण दहा सेंटिमीटरची येईल अशी जुळव. ही युक्ती गॅलिलिओच्या एका विद्यार्थ्याची, बेनेडेट्टो कास्तेल्लीची, हे तुझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांग. डाग असतील तर दिसतील, लोक विचारतील काळे का, तर ते काळे नाहीत, आजूबाजूपेक्षा थंड आहेत म्हणून काळे वाटतात. मग बारीक पेनाने कार्डाच्या कोपऱ्यात एक टिंब काढ, मिलिमीटरपेक्षा किंचित लहान, आणि सांग की या मापाने ही आपली पृथ्वी. मग गप्प बस. थोडा वेळ काहीच बोलू नकोस, लोक वाकून ते टिंब बघतात, मग सूर्य बघतात, मग परत टिंब.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रतिमा सरकायला लागते. दोन मिनिटांत अख्खा सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा सरकून कार्डावरून निघून जातो. लोकांना वाटतं कोणाचा तरी धक्का लागला. तू परत दुर्बीण लावतोस, परत सरकतो. मग विचार, काय हलतंय? सांगू नकोस, विचार फक्त. कोणी म्हणतं सूर्य, कोणी म्हणतं तिकाठी, मग कोणीतरी, बहुतेक वेळा एखादी दहा अकरा वर्षांची मुलगी किंवा मागे उभा असलेला वॉचमन, हळूच म्हणतं की आपण हलतोय. पृथ्वी फिरते हे पाठ सगळ्यांना असतं, पण ती फिरताना त्यांनी त्या क्षणापर्यंत बघितलेलं नसतं. (एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाळ. दुर्बिणीतून कोणीही थेट सूर्याकडे बघायचं नाही, वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण, आणि ते टेबल एक सेकंदही रिकामं सोडायचं नाही. दोन माणसं लागतात त्याला, पाणी प्यायला गेला तरी दुसरा उभा हवा.)

बाकीची टेबलं तुझ्या लोकांच्या कामातून येऊ देत. मेणबत्ती विझवून तिच्या धुराला काडी लावली की ज्योत धुरातून खाली उतरून वातीला पेटवते, हे करायला काही लागत नाही आणि त्यावर तासभर बोलता येतं. दोरा आणि पट्टी देऊन डब्यांची झाकणं, बादल्या, सायकलची चाकं मोजायला लाव, परिघ भागिले व्यास, प्रत्येकाने आपला आकडा फळ्यावर लिहायचा. कोणाचा ३.०२ येईल, कोणाचा ३.२५. चुकलेला आकडा पुसायचा नाही, मुळीच नाही. दुपारपर्यंत फळा भरतो आणि तेव्हा सरासरी काढून दाखव, आणि कोणाचं माप का हललं ते त्यांनाच विचार, कारण आपलं निम्मं काम हेच असतं आणि लोकांना ते कधी दिसतच नाही. त्यांना वाटतं आपल्याला उत्तर आधीपासून ठाऊक असतं.

त्यावरून आठवलं. टेबलावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य शिकव, "माहीत नाही, पण कसं शोधता येईल ते बघू." नवीन पोरं घाबरतात, काहीतरी ठोकून देतात, आणि समोरच्याला ते कळतं. मला एकदा एका मुलाने विचारलं की आंधळ्या माणसाला स्वप्नात रंग दिसतात का. मी भौतिकशास्त्राची, मला काय माहीत. मी म्हटलं माहीत नाही, तुला काय वाटतं, कोणाला विचारावं लागेल? तर तो म्हणाला, जन्मापासून आंधळे असलेल्यांना वेगळं आणि नंतर झालेल्यांना वेगळं विचारावं लागेल. कोणी शिकवलं नव्हतं त्याला, पण प्रयोग कसा आखायचा ते त्याने उभ्या उभ्या सांगितलं. असे प्रश्न लिहून ठेवायला एक मोठी वही ठेव, ज्याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही त्याचं नाव फोन घे आणि नंतर खरंच कळव. आम्ही कळवायचो, आणि पुढच्या वर्षी तेच लोक शेजाऱ्यांना घेऊन यायचे.

जागेचं म्हणशील तर हॉल नको. लोक जिथे असतातच तिथे जा, वाचनालयाच्या आवारात, बागेत. संस्थेच्या गेटवर रजिस्टर आणि ओळखपत्र मागितलं की अर्धे लोक तिथूनच परत फिरतात, त्यांना वाटतं ही जागा आपली नाही. डिपार्टमेंटमधेच करायचं असेल तर गेटवर स्वतः उभा राहा, निदान पहिला तास, "या, आत या" म्हणायला. बोर्ड मराठीत, मोठ्या अक्षरात, एका बोर्डावर एकच प्रश्न. पोस्टर सेशनचे जुने पोस्टर लावायचा मोह होईल, लावू नकोस, कोणी वाचत नाही आणि आलेला माणूस आपल्याला काही कळत नाही असं समजून निघतो.

तुझ्या सीनियरना विरोधक समजू नकोस. त्यांच्याकडे जा आणि सांग की सर, दोन तास एक टेबल सांभाळाल का, तुमच्याच विषयाचं. बहुतेकांना आयुष्यात कोणी हे विचारलेलंच नसतं. मी एका फार कडक माणसाला असं उभं केलं होतं, चुंबक आणि तांब्याच्या नळीपाशी, चुंबक नळीतून सावकाश पडतो तो प्रयोग. दोन तासांसाठी आले होते, आम्ही टेबलं आवरायला लागलो तरी ते एका रिक्षावाल्या दादांना परत परत तो चुंबक टाकून दाखवत होते, आणि दादा नळीला कान लावून ऐकत होते.

तारीख ठरली की लगेच कळव, दुर्बीण माझ्याकडची घेऊन जा, तिकाठीचा एक स्क्रू ढिला आहे तो आधी बदलून घे. सूर्याच्या टेबलावर दुसरा माणूस लागेल म्हटलं ना, सकाळच्या वेळेला मी येईन.

तुझी,
मॅडम