‘आधी त्याचं होऊ दे, मग माझं बघू’

सुईने नशा करणाऱ्या बायकांकडून हे वाक्य मी सारखं ऐकते. नवऱ्याला हेपेटायटिस सी (रक्तातून, म्हणजे एकच सुई वापरल्यानेही पसरणारा यकृताचा आजार) निघालेला असतो, त्याच्या गोळ्याही सुरू होतात, आणि हिची साधी तपासणीही झालेली नसते. त्यागबिग काही नसतो त्यात, भीती असते. ‘मीही घेते हे कळलं तर सासू पोरं घेऊन जाईल.’ नवरा व्यसनी निघाला तर लोक हळहळतात, बायको निघाली तर तिचं आईपण काढतात.

संगीताही (नाव बदललंय) तेच म्हणाली. नशा सोड, असं मी पहिल्या भेटीत कुणालाच सांगत नाही. तिला विचारलं, “सुई कोण मारतं?”

“तोच. मला शीर सापडत नाही.”

“आधी कुणाला?”

“त्याला. मग मला.”

“त्याच सुईने?”

बराच वेळ ती बोटं मोडत बसली. मग म्हणाली, “ताई, मग माझं नंतर कशाला?”

हे तिचं तिलाच सुचलं, म्हणून टिकलं. व्यसनात मनोबळ किती, हे मोजत बसण्यापेक्षा सुई कुणाच्या हातात आहे ते पाहावं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले आहे. संगीताचा धोका तिच्या संसारातच होता.

तपासणी आणि औषधं 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहेत. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तरी विषाणू रक्तात अजून आहे का, हे आरएनए चाचणीने कळतं. असेल तर बहुतेकांना सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या 12 आठवडे. शंभरातले 95हून अधिक बरे होतात. नशा चालू आहे म्हणून उपचार अडवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मात्र बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, म्हणून दोघांचे उपचार शक्यतो बरोबरच व्हावेत. सुईच काय, चमचा, कापूस, पाणीही वेगळं हवं. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, औषध सहसा बाळंतपणानंतर देतात. एका ताटात जेवल्याने किंवा पोरांना कुशीत घेतल्याने हा आजार पसरत नाही. सासूबाईंनाही हे सांगायला हरकत नाही.

आणि नोंदणी करताना फोन नंबर स्वतःचा द्या. नवऱ्याचा दिलात तर रिपोर्ट आधी त्याला कळतो.