व्हर्टआयओ डिस्क ड्रायव्हर बराच वेळ चालून मग अडकतो: लक्षणे तीन, चूक एक

तुम्ही दिलेली माहिती मला समजली ती अशी. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठी तयार केलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची रिस्क-फाइव्ह आवृत्ती घेऊन तुम्ही तिच्या व्हर्टआयओ डिस्क ड्रायव्हरमध्ये काही बदल केले (व्हर्टआयओ म्हणजे आभासी यंत्रातल्या उपकरणांशी बोलण्याची ठरलेली पद्धत). क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सिस्टिम नीट सुरू होते, परंतु चाचण्या बराच वेळ चालल्यावर कधी सगळे जागच्या जागी थिजते, कधी इंटरप्ट हँडलरमध्ये (डिस्कने काम झाल्याची खूण केली की चालणाऱ्या कोडमध्ये) स्टेटसचा पॅनिक येतो, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल चूक छापून थांबतो, तर कधी कर्नल ट्रॅपचा पॅनिक येऊन त्यात कारण क्रमांक १५ आणि पत्ता ४ छापला जातो. दर वेळी लक्षण बदलते म्हणून तुम्हाला मेमरी बॅरिअरचा (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम बदलू न देणाऱ्या सूचनेचा) संशय आला आणि तुम्ही ते जागोजागी घातले, तरी काही फरक पडला नाही.

बॅरिअरचा येथे संबंध नाही. मूळ कोडमधले बॅरिअर जिथे होते तिथे पुरेसे आहेत. तुम्ही नव्याने घातलेले काढून टाका, कारण त्यांच्या गर्दीत खरी ओळ नजरेआड होते. ती ओळ म्हणजे ‘यूज्ड आयडीएक्स’ची, म्हणजे ड्रायव्हरने किती पूर्ण विनंत्या उचलल्या ते मोजणाऱ्या अंकाची, घोषणा. एकूण किती विनंत्या झाल्या हे कळावे म्हणून तुम्ही हा १६ बिटांचा अंक ३२ बिटांचा केला आहे. हेतू चांगला होता, परंतु तिन्ही लक्षणे त्यातूनच आली आहेत.

पूर्ण झालेल्या विनंतीची नोंद डिव्हाइस यूज्ड रिंगमध्ये (झालेल्या कामांच्या गोल फिरणाऱ्या यादीत) करते आणि रिंगमधला स्वतःचा अंक एकाने वाढवते. व्हर्टआयओच्या नियमांप्रमाणे हा अंक १६ बिटांचाच असतो, म्हणजे ६५,५३५ नंतर तो पुन्हा ० होतो. ड्रायव्हर आपला अंक आणि डिव्हाइसचा अंक समान होईपर्यंत रिंगमधल्या नोंदी उचलत राहतो. ६५,५३६ वी विनंती पूर्ण होते तेव्हा डिव्हाइसचा अंक ० असतो, तुमचा मात्र ६५,५३६ होतो. ड्रायव्हरला वाटते की अजून काम बाकी आहे, आणि तो आठ घरांच्या रिंगमधल्या जुन्या, केव्हाच निकाली निघालेल्या नोंदी पुन्हा उचलू लागतो.

पुढे काय होते ते त्या जुन्या नोंदीत कोणत्या डिस्क्रिप्टरचा (विनंतीचा एकेक भाग डिव्हाइसला सांगणाऱ्या घराचा) क्रमांक आहे यावर ठरते. विनंत्या एकामागून एक येत असतील तर प्रत्येक नोंदीत ० हाच क्रमांक असतो. मग हँडलर त्याच बफरला (डिस्कचा ब्लॉक ठेवायच्या मेमरीतल्या जागेला) पुन्हा पुन्हा ‘काम झाले’ असे सांगत, डिस्कचे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) हातात धरून फिरत राहतो, आणि तुम्हाला सिस्टिम थिजलेली दिसते. त्या क्रमांकाची दुसरी विनंती डिव्हाइसकडे चालू असेल, तर तिच्या स्टेटसच्या बाइटमध्ये ड्रायव्हरने आधी भरून ठेवलेले २५५ अजून तसेच असते, म्हणून स्टेटसचा पॅनिक येतो. आणि त्या क्रमांकाची विनंती आधीच संपली असेल, तर बफरचा पॉइंटर शून्य केलेला असतो. बफरच्या रचनेत ‘व्हॅलिड’ हे पहिले चार बाइटचे घर आहे आणि लगेच त्यानंतर ‘डिस्क’. शून्य पॉइंटरमधून ‘डिस्क’मध्ये लिहायला जाणे म्हणजे पत्ता ४ वर लिहिणे, आणि कारण क्रमांक १५ म्हणजे लिहिताना झालेला पेज फॉल्ट (त्या पत्त्यावर मेमरी जोडलेलीच नसणे). तुमच्या पॅनिकमधला तो ४ मला सर्वांत बोलका वाटला.

खात्री करायची असेल तर जीडीबी हा डीबगर जोडून सिस्टिम थिजेपर्यंत चालू द्या, थांबवा आणि दोन्ही अंक छापा. डिव्हाइसचा अंक ० आणि तुमचा ६५,५३५ च्या पुढे दिसला, तर वादच मिटला. यासाठी संपूर्ण चाचणीसंच चालवण्याची गरज नाही. साधारण २०० ब्लॉकची एक फाइल तयार करा आणि ती सुमारे ३३० वेळा सुरुवातीपासून वाचा. बफर कॅशमध्ये ३० च बफर असल्यामुळे क्रमाने वाचताना जवळजवळ प्रत्येक ब्लॉकसाठी डिस्कवर जावेच लागते. एकच प्रोसेस वाचत असेल तर सहसा थिजणे दिसेल. पॅनिक पाहायचे असतील तर दोन प्रोसेसना दोन वेगळ्या फाइली द्या, कारण एकाच फाइलवर आयनोडचे (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचे) लॉक त्यांना रांगेत उभे करते.

अशा ड्रायव्हरवर बॅरिअर मागे-पुढे करण्यात मी स्वतः दोन रात्री घालवल्या आहेत. तेव्हापासून मी आधी किती विनंत्यांनंतर बिघाड होतो ते मोजतो. उदाहरणार्थ, डिस्क्रिप्टरची पूर्ण साखळी न सोडता फक्त पहिलाच सोडला, तर प्रत्येक विनंतीमागे दोन वाया जातात, आठांपैकी तिसऱ्या विनंतीनंतर दोनच उरतात, आणि तीन लागणारी चौथी विनंती कायमची झोपी जाते. शेलचा प्रॉम्प्टही दिसत नाही. तुमची सिस्टिम तासभर चालते, म्हणजे ही शक्यता आपोआप बाद होते.

दुरुस्तीसाठी तो अंक पुन्हा १६ बिटांचा करा आणि एकूण मोजणीसाठी ६४ बिटांचा वेगळा अंक ठेवा. तुलना करतानाच अंकात १ मिळवण्याचा मोह मात्र टाळा: सी भाषेत १६ बिटांचा अंक बेरजेत आधी ‘इंट’ (येथे ३२ बिटांचा) होतो, त्यामुळे ६५,५३५ अधिक १ हे ६५,५३६ च राहते, ० होत नाही, आणि तीच चूक मागच्या दाराने परत येते. बदलानंतर वरची चाचणी १,३१,०७२ विनंत्यांच्या पुढे जाईल इतकी चालवा, म्हणजे अंक दोनदा फिरून गेलेला दिसेल. तरीही काही अडले तर दोन्ही अंकांच्या किमती येथे कळवा.