आमच्या गावातलं चर्च शंभर वर्षांचं आहे म्हणतात. त्याचा इतिहास कुठून आणि कसा गोळा करायचा?

तुमचं गाव अमरावती जिल्ह्यात, भिंतीतल्या दगडावर इंग्रजी तारीख, पाळक नवीन, आणि शताब्दीला स्मरणिका काढायची आहे, असं धरून चालू. दगडावरच्या तारखेवर विसंबू नका. तो दगड बहुतेक वेळा पायाभरणीचा असतो, आणि मंडळी, म्हणजे तिथले उपासक, त्याच्या आधीपासून शाळेच्या खोलीत नाहीतर झाडाखाली जमत असते. घंटेवरचं साल घंटा ओतल्याचं असतं, चर्चचं नव्हे. मंडळीचं खरं वय चर्चच्या नोंदवहीत सापडतं.

वही कुठे शोधायची, हे मिशन कोणतं होतं त्यावर ठरतं. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्याकडे अमेरिकेच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम मोठं होतं. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, नागपूर-भंडाऱ्याकडे स्कॉटिश मिशन, चंद्रपुरात स्कॉटलंडचंच पण एपिस्कोपल चर्च. कॅथलिक असाल तर फ्रान्समधल्या अ‍ॅनसीहून आलेले सेंट फ्रान्सिस द सेल्सचे फादर. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा स्कॉटिश मंडळ्या त्यात गेल्या; अलायन्स आणि फ्री मेथडिस्ट गेल्या नाहीत. म्हणून आजच्या पाटीवरून जुनं मिशन ओळखायला जाऊ नका. कॅथलिकांसाठी दोन वर्षं लक्षात ठेवा: नागपूर धर्मप्रांत 1887 चा, अमरावती 1955 चा. 1955 आधीचा अमरावतीकडचा पत्रव्यवहार नागपूरच्या बिशपांच्या कार्यालयात विचारावा लागेल.

स्कॉटिश मिशनची कागदपत्रं एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, पण शोधताना तीन नावं टाका: 1900 पर्यंत फ्री चर्च, 1929 पर्यंत युनायटेड फ्री चर्च, पुढे चर्च ऑफ स्कॉटलंड. एकाच नावानं शोधणाऱ्याला निम्मा इतिहास दिसतच नाही. अमरावतीचं जुनं जिल्हा गॅझेटियर 1911 चं आहे. लोकसंख्येच्या प्रकरणात ख्रिस्ती लोक आणि मिशन यांवर मजकूर असतो. त्यात तुमच्या गावाचं नाव नसेल, पण त्या भागात मिशन कोणतं होतं ते कळतं.

आता वह्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तीन तरी मागा. कॅथलिकांत दृढीकरणाचीही (कन्फर्मेशनची) असते. हात लावण्याआधी पाळक आणि पंचांची परवानगी लेखी घ्या. वही झेरॉक्स मशीनवर पालथी घालू नका, शिवण तुटते. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, समोरासमोरची दोन्ही पानं एकाच फोटोत घ्या, कोरी पानं आणि पुठ्ठासुद्धा. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. टिपणं पेन्सिलीनं आणि वेगळ्या कागदावर.

बाप्तिस्म्याच्या वहीत जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबाप, गाव, बापाचा धंदा आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही हे रकाने साधारण असतात. आधी अक्षर आणि शाई बघा. सहा महिन्यांत विखुरलेल्या तारखा एकाच हातानं, एकाच शाईनं, सरळ रेषेत लिहिलेल्या असतील तर त्या मागाहून एका बैठकीत उतरवल्यात. तिथे तारखा चुकण्याचा संभव जास्त, तेव्हा लग्नाच्या वहीतल्या वयाशी ताडून पाहा. कॅथलिक वह्या जुन्या काळी लॅटिनमध्ये असत: ‘बाप्तिझावी’ म्हणजे मी बाप्तिस्मा दिला, ‘पात्रिनी’ म्हणजे धर्ममातापिता, आणि ‘योआन्नेस’ हा तुमच्या गावचा योहान किंवा जॉन असू शकतो. समासातल्या बारीक टिपा सोडू नका. पुढे लग्न कुठे झालं ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि बाहेर गेलेली कुटुंबं त्यावरून सापडतात.

1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशननं अनाथ मुलं सांभाळली. त्या सुमाराच्या नोंदींत वय अंदाजे आणि आईबाप अज्ञात असं दिसलं तर रिकाम्या जागा आपल्या तर्कानं भरू नका. दफनाच्या वहीत 1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं मोजा. तो इन्फ्लुएंझा होता, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यानं फार माणसं नेली. लग्नाच्या वहीत साक्षीदारांच्या सह्या किती आणि अंगठे किती ते दर दहा वर्षांचं काढा, बायकांचं वेगळं. मिशनच्या शाळेनं काय केलं याचा इतका चांगला पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

जमिनीसाठी सातबारा आणि सगळे जुने फेरफार काढा. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. वऱ्हाडात खातेदाराकडून खरेदी शोधायची. नागपूर-वर्ध्याकडे 1951 पूर्वीची असेल तर मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, नाव येईल. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एकचा उतारा घ्या; मिळकतीची यादी आणि विश्वस्त त्यात असतात.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. “तुमचं लग्न झालं तेव्हा चर्चवर कवेलू होते का टिना?”, “नाताळला बाहेरगावची मंडळी बंडीनं यायची तेव्हा उतरायची कुठं?”, “कापणीच्या सणाला ज्वारी-कापसाचा लिलाव कोण पुकारायचं?” असं विचारा. साल मग लग्नाच्या वहीतून मिळतं. मिशनरी साहेबांची नावं छापील अहवालांत आहेतच. गावोगाव सुवार्ता सांगणारे सुवार्तिक, बायबल शिकवणाऱ्या बाया, घंटा वाजवणारा, कबर खोदणारा यांची नावं मात्र आठवणींतच उरलीत, आणि स्मरणिकेची निम्मी पानं त्यांना द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट कडकपणे पाळा. हयात माणसांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी त्यांच्या परवानगीशिवाय छापू नका. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे छापलेल्या एका ओळीनं एखाद्याच्या घरावर संकट येऊ शकतं. अनौरस म्हणून नोंदलेली मुलंही वगळा, कितीही जुनी असोत.

फोटोंच्या दोन प्रती करा, एक चर्चच्या कपाटात आणि एक बिशपांच्या किंवा मिशनच्या कार्यालयात. मूळ वह्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून सहा इंच दूर आणि जमिनीपासून वर ठेवा. वाळवी भिंतीतून येते, आणि पावसाळ्यात ओलही तिथूनच.