‘प्रवासी अडीचपट’ : फी भरण्याआधी हा आकडा तपासा

प्रश्न : मुलगी नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय संख्याशास्त्र, गणित आणि कॉम्प्युटर सायन्स. शहरातल्या एका संस्थेने ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’ची पदविका सुचवली आहे, फी पावणेदोन लाख. ‘तीन वर्षांत देशातले विमानप्रवासी अडीचपट झाले, मिहान या विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पामुळे नागपुरात नोकऱ्याच नोकऱ्या’ असं त्यांच्या पत्रकात छापलंय. मुलीला या क्षेत्राची मनापासून आवड आहे. प्रवेश घ्यावा का? – एक आई, मनीष नगर

उत्तर : ताई, पदविकेचे पैसे तूर्त भरू नका. मुलीची आवड मात्र जपा, कारण ती शिकतेय तो विषय याच क्षेत्रात कामाचा आहे.

पत्रकातला आकडा खोटा नाही, पण तो मोजायला कुठून सुरुवात केली ते पाहा. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्याच्या नोंदींप्रमाणे देशांतर्गत प्रवासी २०१९ मध्ये १४.४२ कोटी होते. २०२० मध्ये ते ६.३० कोटींवर आले. पुढे २०२१ मध्ये ८.३८, २०२२ मध्ये १२.३२, २०२३ मध्ये १५.२० आणि २०२४ मध्ये १६.१३ कोटी. टाळेबंदीचं वर्ष पाया धरलं की २०२३ पर्यंत जवळपास अडीचपट वाढ दिसते. २०१९ पाया धरला तर त्याच २०२३ पर्यंत वाढ साडेपाच टक्क्यांच्याही आत, आणि २०२४ पर्यंत वर्षाला सरासरी सव्वादोन टक्के. जगातही हेच झालं. २०१९ मधले सुमारे ४५० कोटी प्रवासी २०२० मध्ये १८० कोटींवर आले, आणि २०२४ ची एकूण वाहतूक प्रवासी-किलोमीटरमध्ये (प्रवासी गुणिले त्यांनी कापलेलं अंतर) २०१९ पेक्षा फक्त ३.८ टक्के जास्त भरली.

कोविडचा फटका सोडला तर वाढ अडली ती मागणीअभावी नाही, विमानांअभावी. आपल्याकडे जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या दोषांमुळे बरीच विमानं जमिनीवर राहिली, नव्यांची डिलिव्हरी लांबली. म्हणून २०२४ मध्ये जगभरचा लोड फॅक्टर, म्हणजे भरलेल्या आसनांचं प्रमाण, ८३.५ टक्क्यांच्या विक्रमावर गेला. नोकरीच्या दृष्टीने याचा अर्थ नीट समजून घ्या. ग्राउंड स्टाफ किती लागतो हे उड्डाणं किती आणि गर्दीच्या तासाला किती, यावर ठरतं. तेच विमान जास्त भरून गेलं म्हणून काउंटरवर माणूस वाढत नाही.

हे आकडे वाचून नवा मार्ग, विमानाचा आकार आणि तिकिटाचा दर ठरवणारी माणसं मात्र कंपन्यांना लागतातच. त्या विभागांना नेटवर्क प्लॅनिंग आणि रेव्हेन्यू मॅनेजमेंट म्हणतात. मुलीला एक उदाहरण सोडवायला द्या. एक प्रवासी नागपूरहून दिल्लीला आणि तिथे विमान बदलून दुबईला गेला. विमान कंपन्यांच्या हिशेबात हे दोन प्रवासी, कारण उड्डाणं दोन. विमानतळांच्या हिशेबात चार : नागपूरला एक, दिल्लीत उतरताना एक आणि चढताना एक, दुबईला एक. डीजीसीएच्या देशांतर्गत आकड्यात मात्र एकच. त्यामुळे विमानतळांचा आकडा एअरलाइनच्या आकड्याशेजारी ठेवून ‘दुप्पट’ म्हणणारा तक्ता दिसला की थांबायचं.

मग तिला घरबसल्या एक काम करू द्या. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या संकेतस्थळावर दर महिन्याची विमानतळनिहाय वाहतूक फुकट मिळते. त्यातून नागपूरचे २०१५ पासूनचे मासिक प्रवासी एक्सेलमध्ये उतरवायचे. इथे चुका ठरलेल्या आहेत. तक्त्यात त्या महिन्याच्या बाजूलाच एप्रिलपासूनची बेरीज असते, घाईत तीच उचलली जाते. अथॉरिटीचं वर्ष एप्रिल ते मार्च, डीजीसीएची वार्षिक बेरीज जानेवारी ते डिसेंबर, म्हणून दोन्ही एका आलेखात टाकायच्या नाहीत. दिवाळी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होती, पुढच्या वर्षी महिन्याच्या अगदी सुरुवातीला आली. नुसत्या ऑक्टोबरची तुलना फसवते, ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र घ्यावेत. फेब्रुवारी २०२४ ला एक दिवस जास्त, म्हणजे काहीही न घडता साडेतीन टक्के वाढ. २५ मार्च ते २४ मे २०२० देशांतर्गत उड्डाणं बंद होती, त्यामुळे एप्रिलचा आकडा शून्याला टेकतो आणि लॉग घेतला की सूत्र कोलमडतं. तो काळ डमी चल (त्या महिन्यांना १, बाकीच्यांना ०) लावून वेगळा काढावा. शेवटचे १२ महिने बाजूला ठेवून अंदाज बांधायचा आणि मग त्याच महिन्यांवर ताडून पाहायचा.

लोड फॅक्टरबाबतही एक सवय लागू दे. समजा नागपूर–मुंबई ७०० किलोमीटर, १८० आसनांत १५० प्रवासी : ८३.३ टक्के. अनेक मार्गांची सरासरी काढताना टक्क्यांची सरासरी घ्यायची नाही. सगळ्या प्रवासी-किलोमीटरच्या बेरजेला सगळ्या आसन-किलोमीटरच्या बेरजेने भागायचं. मुलाखतीत नेमकं हे विचारलं जाऊ शकतं.

पुढे एम.एस्सी. संख्याशास्त्र करावं, ते नागपूर विद्यापीठातही होतं. जोडीला एसक्यूएल आणि पायथॉन या संगणकभाषा पक्क्या हव्यात. एक गोष्ट आजच सांगते : या नोकऱ्या नागपुरात नाहीत. इंडिगो आणि एअर इंडियाची मुख्यालयं गुरुग्रामला, अकासाचं मुंबईत. घरापासून दूर पाठवायची तयारी आहे का, हे तुम्ही दोघींनी बोलून घ्या. मिहानमधल्या देखभाल केंद्रात विमान दुरुस्तीचं काम चालतं, तिथे परवानाधारक इंजिनीअर लागतात. तो अभ्यासक्रम बारावी भौतिक-रसायन-गणितानंतरचा आणि डीजीसीए-मान्य संस्थेतला, बी.एस्सी. संख्याशास्त्रातून थेट तिकडे जाता येत नाही. एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह भरतीला बी.एस्सी.त भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात, तेव्हा तिच्या विषयांवर तो अर्ज भरता येणार नाही.

तरीही संस्थेत जायचंच असेल, तर मागच्या दोन बॅचमध्ये नागपुरात नोकरी लागलेल्या मुलामुलींची नियुक्तिपत्रं आणि हातात येणारा पगार पाहायला मागा. ‘डीजीसीए-मान्य’ म्हणाले तर मान्यतेचं पत्र मागा. ग्राउंड स्टाफच्या पदविकेला तशी मान्यता लागतच नाही. आणि अर्ध्यात सोडल्यास फी किती परत मिळेल, हे सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या.